संगणकातील वस्तूंना रंग आणि पोत देताना

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकावरचे चित्र हे छायाचित्र नसते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी तिच्या भिंती, फरशी, गॅलरीचे काचेचे कठडे आणि स्वयंपाकघरातला काळा ओटा संगणकावर तयार झालेला असतो. ग्राहक पाहतो ती ही संगणकीय प्रतिमा आणि आयुष्याची पुंजी लावतो तीही बऱ्याच अंशी तिच्याच भरवशावर. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई प्रवर्तकाला करावी लागते. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महारेरा’ या कायद्याची अंमलबजावणी पाहते. त्यामुळे पडद्यावरच्या भिंतीला कोणता रंग दिला, खोली किती उजळ दाखविली, फरशी किती चकचकीत केली, हे प्रश्न केवळ आवडीनिवडीचे राहिलेले नाहीत.

वास्तुरचनेचे विद्यार्थी, अंतर्गत सजावट करणारे, दागिन्यांचे नमुने आखणारे कारागीर, अॅनिमेशन शिकणारी मुले या साऱ्यांना या टप्प्यावरून जावे लागते. गंमत अशी की, वस्तूचा आकार घडविण्याच्या शिक्षणावर महिनोन्‌महिने खर्च होतात आणि तिला रंग-पोत देण्याचे काम ‘तयार संग्रहातून काहीतरी निवडा’ या एका वाक्यात उरकले जाते. वास्तविक पाहणाऱ्याचा विश्वास बसतो तो या दुसऱ्या भागावर. साधा ठोकळाही योग्य पोत दिल्यास जांभ्याचा चिरा वाटतो आणि मेहनतीने घडविलेला कळस चुकीच्या पोतामुळे प्लास्टिकचा दिसतो.

या लेखापुरते उदाहरण म्हणून ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर घेतले आहे. त्याचे कारण साधे आहे : ते विनामूल्य मिळते, साधारण क्षमतेच्या संगणकावर चालते आणि त्यात शिकलेले तत्त्व इतर सॉफ्टवेअरमध्येही उपयोगी पडते. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये ते लिहावयास घेतले. पुढे ते विकणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. तेव्हा जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. मांजराची कथा सांगणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियातील अॅनिमेशनपट याच सॉफ्टवेअरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. विनामूल्य म्हणजे कमअस्सल, हा आपल्याकडचा समज इथे तरी लागू पडत नाही.

रंग म्हणजे मटेरिअल नव्हे

चुना दिलेली भिंत पांढरी असते, न्हाणीघरातली चकचकीत फरशी पांढरी असते, खादीचा सदरा पांढरा असतो आणि दूधही पांढरेच असते. तरीही अंधूक उजेडात या चारही वस्तू आपण नजरेने अचूक ओळखतो. कारण डोळा केवळ रंग पाहत नाही. पृष्ठभागाने प्रकाशाचे काय केले, हे तो पाहत असतो. भिंत प्रकाश चहूकडे सारखा विखुरते, फरशी त्यातला काही भाग आरशाप्रमाणे परतविते, कापडाच्या कडेला तंतूंमुळे हलकी प्रभा दिसते आणि दुधात प्रकाश थोडा आत शिरून मग बाहेर येतो. संगणकाच्या भाषेत ‘मटेरिअल’ म्हणजे नेमके हे वर्तन लिहून ठेवलेला कागद. रंग हा त्या कागदावरचा केवळ एक रकाना आहे.

हे वर्तन गणितात बसविण्याचा बराचसा उद्योग १९७० च्या दशकात अमेरिकेतील यूटा विद्यापीठात झाला. हेन्री गूरो यांनी १९७१ मध्ये गोलाईवर छटा गुळगुळीत पसरविण्याची रीत मांडली. चकाकणाऱ्या ठिपक्याचे गणित बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी एड कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर गुंडाळण्याची कल्पना मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सार कंपनीचे संस्थापक झाले. पृष्ठभाग प्रत्यक्षात न हलविता तो खडबडीत ‘भासविण्याची’ जिम ब्लिन यांची युक्ती १९७८ ची. आज मेन्यूतून एका क्लिकने मिळणाऱ्या सोयींची ही पाळेमुळे आहेत.

मात्र या सोयी वाढत गेल्या, तशी त्यांच्या नियंत्रणाच्या कळांची संख्याही वाढली आणि चित्रकारांची दमछाक होऊ लागली. डिस्ने स्टुडिओतील ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये थोडक्या, समजण्यासारख्या आणि बहुतेक शून्य ते एक या मापात चालणाऱ्या कळांचे एक सूत्र मांडले. ‘रेक-इट राल्फ’ या चित्रपटात ते वापरले गेले होते. ब्लेंडरमध्ये २०१७ साली आलेला ‘प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ’ हा घटक या सूत्रावरच बेतलेला आहे. त्याच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. पडलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती जाईल, एवढाच हिशेब तो ठेवतो.

पहिला अडथळा

नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते : रंग बदलला, पण पडद्यावर काहीच बदलले नाही. ब्लेंडर उघडल्यावर वस्तू ‘सॉलिड’ नावाच्या दृश्यात दिसते. हे दृश्य आकार घडविण्यापुरते असते, त्यात मटेरिअलचा खरा रंग दिसत नाही. ‘झेड’ ही कळ दाबून ‘मटेरिअल प्रिव्ह्यू’ किंवा ‘रेंडर्ड’ हे दृश्य निवडले की केलेले काम दिसू लागते. पहिल्यात सॉफ्टवेअरने दिलेला तात्पुरता उजेड असतो आणि दुसऱ्यात आपण ठेवलेले दिवे. पहिल्यात सुंदर दिसलेले चित्र दुसऱ्यात काळेठिक्कर दिसले, तर दोष मटेरिअलचा नसून दिव्यांचा असतो.

नव्याने तयार केलेल्या वस्तूला मटेरिअल नसते. उजवीकडील मटेरिअलच्या पानावर जाऊन ‘न्यू’ दाबल्यावर ते तयार होते आणि त्याला आपोआप ‘मटेरिअल’ असे नाव मिळते. दुसऱ्याला त्यापुढे शून्य-शून्य-एक, तिसऱ्याला शून्य-शून्य-दोन. हे नाव तिथल्या तिथे बदलावे. चाळीस वस्तूंच्या दिवाणखान्यात ‘मटेरिअल शून्य-एक-सात’ म्हणजे पडदा की उशीचा अभ्रा, हे आठवडाभराने खुद्द करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एकच मटेरिअल अनेक वस्तूंना लावता येते आणि तसेच करावे. सहा खुर्च्यांना एकच ‘सागवान’ लावले की एका ठिकाणी बदल करून सहाही खुर्च्या बदलतात. पण याच गुणाचा फटकाही बसतो. एक खुर्ची गडद करावयास जावे आणि साऱ्याच गडद व्हाव्यात. मटेरिअलच्या नावाशेजारी दिसणारा आकडा ते किती ठिकाणी वापरले आहे, हे सांगतो. त्या आकड्यावर क्लिक केले की निवडलेल्या वस्तूसाठी त्याची स्वतंत्र प्रत निघते. ज्याचा वापर कुठेच नाही, असे मटेरिअल फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर नाहीसे झालेले असते. ते राखून ठेवावयाचे असल्यास नावाजवळच्या ढालीच्या चिन्हावर क्लिक करावे. एकाच वस्तूच्या निरनिराळ्या भागांना वेगळे मटेरिअल हवे असेल, उदाहरणार्थ सुरीचे पाते पोलादी आणि मूठ लाकडी, तर ‘एडिट मोड’मध्ये तेवढे भाग निवडून ‘असाइन’ करावे.

आपल्याकडच्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांत ‘स्केचअप’चाही वापर बराच होतो. २००६ ते २०१२ या काळात गूगलकडे असलेले हे सॉफ्टवेअर नंतर ट्रिंबल कंपनीकडे गेले. त्यात रंगाची बादली घेऊन पृष्ठभागावर क्लिक केले की काम होते, इतके ते सोपे आहे. तिथे लक्षात ठेवावयाची गोष्ट एकच. प्रत्येक पृष्ठभागाला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात. मूळ अवस्थेत पुढची बाजू पांढरट, तर मागची निळसर करडी दिसते. मागच्या बाजूला दिलेला रंग त्या फाइलपुरता शोभतो, पण तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर रंग हरवतो किंवा भिंतच गायब होते. ब्लेंडरमध्येही हीच तपासणी ‘फेस ओरिएंटेशन’ चालू करून होते. बाहेरची बाजू निळी दिसली तर ठीक, लाल दिसली तर उलटी.

तांब्याचा तांब्या

मटेरिअलच्या मुख्य कळा समजून घेण्यासाठी आपल्या घरातला तांब्याचा तांब्या उत्तम. पहिली कळ ‘बेस कलर’, दुसरी ‘मेटॅलिक’, तिसरी ‘रफनेस’. या तिघींत निम्म्याहून अधिक काम होते.

‘मेटॅलिक’ म्हणजे वस्तू धातूची आहे की नाही. धातू आणि अधातू यांचे प्रकाशाशी वागणे मुळातच वेगळे असते. अधातूवर पडलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग पृष्ठभागावरूनच परततो आणि तो रंगहीन असतो. म्हणूनच लाल सफरचंदावरचा चकाकता ठिपका लाल नसून पांढरा दिसतो. उरलेला प्रकाश आत शिरून वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. धातूत मात्र आत शिरलेला प्रकाश शोषला जातो. जे काही दिसते ते परावर्तनच आणि त्याच परावर्तनाला धातूचा रंग चढलेला असतो. तांब्याच्या तांब्यात दिसणारी खिडकी तांबूस असते ती यामुळे. त्यामुळे या कळेचे मूल्य शून्य किंवा एक यांपैकी एकच असावे. ‘थोडेसे धातूसारखे’ म्हणून ०.५ ठेवणाऱ्यांच्या वस्तू ना धड धातूच्या दिसतात, ना धड रंगविलेल्या.

स्वच्छ तांब्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांची मूल्ये सुमारे ०.९६, ०.६४ आणि ०.५४ अशी घ्यावीत. सोन्यासाठी ती १, ०.७७ आणि ०.३४ च्या आसपास येतात. सोने दाखविण्यासाठी गडद पिवळा किंवा तपकिरी रंग निवडण्याची चूक सर्रास होते. धातूचा मूळ रंग पुष्कळ उजळ असतो. त्यातली काळोखी भोवतालच्या प्रतिबिंबातून येते. म्हणूनच रिकाम्या काळ्या दृश्यात ठेवलेला दागिना कधीही उठून दिसत नाही. त्याला प्रतिबिंब पडण्यासाठी काहीतरी भोवताल द्यावाच लागतो, मग ती एखादी उजळ पाटी का असेना.

‘रफनेस’ म्हणजे खरखरीतपणा, पण तो बोटांना लागणारा नव्हे, तर प्रकाशाला जाणवणारा. शून्यावर पृष्ठभाग आरसा होतो, एकावर प्रतिबिंब पूर्ण विरून जाते. चिंचेने लख्ख घासलेला तांब्या ०.१५ च्या आसपास चांगला दिसतो, रोजच्या वापरातला ०.३५ वर. खऱ्या वस्तूवर हे मूल्य सगळीकडे सारखे कधीच नसते. गळ्याजवळ बोटांचे ठसे, बुडाला घासल्याचे ओरखडे, मध्ये कुठेतरी वाळलेल्या थेंबाचा डाग. हा फरक काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपात देता येतो. ज्या चित्रांकडे पाहताना ‘खरे वाटते’ असे आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा रंगात नव्हे, तर रफनेसमध्ये विविधता असते. नवशिक्यांनी हात सर्वाधिक बसवावा तो याच कळेवर, असे माझे मत आहे.

जुन्या तांब्यावर हिरवट कळंक चढलेला असतो. तो कळंक तांब्यापासूनच झालेला असला तरी स्वतः धातू नव्हे. तेव्हा तेवढ्या भागात मेटॅलिक शून्य, रफनेस ०.९ आणि रंग हिरवट, अशी योजना हवी. कुठे धातू आणि कुठे कळंक हे ठरविणारे एक काळे-पांढरे चित्र ‘मुखवटा’ म्हणून वापरून दोन्ही मटेरिअल एकत्र करता येतात. गंजलेल्या गजांचे, पापुद्रे निघालेल्या लोखंडी खिडकीचे तंत्र याहून वेगळे नाही.

राहिली ‘आयओआर’ ही कळ. पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो, त्याचा हा अंक : पाणी १.३३, काच सुमारे १.५, हिरा २.४२. समोरून पाहिल्यास १.५ आयओआर असलेला पृष्ठभाग फक्त चार टक्के प्रकाश परतवितो, हिरा मात्र सुमारे सतरा टक्के. पण नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण झपाट्याने वाढते. तलावाच्या काठावर उभे राहून पायाजवळ पाहिले तर तळाचे गोटे दिसतात आणि पलीकडच्या काठाकडे पाहिले तर आभाळ. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा नियम सॉफ्टवेअर आपोआप पाळते. काच हवी असल्यास ‘ट्रान्समिशन’ एक करावे. मात्र काचेला जाडी द्यावी. एकाच पापुद्र्याची काच आतून भरीव ठोकळ्याप्रमाणे वागते आणि खिडकीबाहेरचे दृश्य वेडेवाकडे होते.

शिवण कुठे घालावी

साध्या रंगाने भिंत रंगते, पण कडाप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, पैठणीचा पदर यांसाठी चित्र वापरावे लागते. सपाट चित्र त्रिमितीय वस्तूवर कसे बसवावे, या प्रश्नाला ‘यूव्ही’ म्हणतात. चित्राच्या आडव्या आणि उभ्या दिशांना यू आणि व्ही ही नावे आहेत. एक्स, वाय, झेड ही अक्षरे वस्तूच्या मापांसाठी आधीच वापरात होती.

शिंप्याला हा प्रश्न सांगावा लागत नाही. कापड सपाट असते आणि माणूस गोलाईचा. म्हणून कापडाचे तुकडे बेतावे लागतात आणि ते जिथे जुळतात तिथे शिवण येते. ब्लेंडरमध्ये हे काम उलट्या दिशेने चालते. वस्तू तयार असते, तिच्यावर शिवणीच्या रेघा आखून ती उसवावयाची आणि सपाट पसरावयाची. ज्या कडांवर कापावयाचे त्या निवडून ‘मार्क सीम’ करावे, मग सगळे भाग निवडून ‘यू’ दाबून ‘अनरॅप’ करावे. शिवण कुठे घालावी याचा नियमही शिंप्याचाच आहे : नजर जिथे सहज जाणार नाही तिथे. तांब्याची उभी शिवण मागच्या बाजूला, बुडाची आडवी शिवण कडेवर. मोसंबीचे साल एकाही चिरेशिवाय सपाट पसरता येत नाही आणि फार चिरा दिल्या तर चिंध्या होतात. या दोहोंमधला तोल सरावाने येतो.

उसविण्याआधी ‘कंट्रोल’ आणि ‘ए’ या कळा दाबून वस्तूचे माप कायम करून घ्यावे, म्हणजे ‘अप्लाय स्केल’. ठोकळा ताणून त्याची लांबलचक भिंत केली असेल आणि हे केले नसेल, तर सॉफ्टवेअर ती भिंत मूळ चौकोनी ठोकळ्याप्रमाणेच पसरते आणि तिच्यावरच्या विटा पावासारख्या लांबतात. चित्र ताणले जात आहे का, हे तपासण्यासाठी आधी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटींचे चित्र लावून पाहावे. चौकटी चौरस दिसल्या म्हणजे जमले.

माप हा या कामातला सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. आपल्याकडची मानक मॉड्युलर वीट १९० गुणिले ९० गुणिले ९० मिलिमीटरची असते, दर्ज धरून तिची लांबी २०० मिलिमीटर होते. हाती असलेल्या चित्रात एका ओळीत पाच विटा असतील, तर ते चित्र एक मीटर रुंदीचे झाले. म्हणजे चार मीटरच्या भिंतीवर ते चार वेळा आले पाहिजे. हे गणित न करता ‘बरे दिसते’ म्हणून दोन वेळाच आणले, तर विटा दुप्पट मोठ्या होतात आणि पाहणाऱ्याला खोली लहान वाटते. उलट फरशीचे तुकडे लहान केले की तीच खोली ऐसपैस भासते. माहितीपत्रक पाहणाऱ्याने फरशीच्या चौकटी मोजून खोलीचा अंदाज घेतला, तर त्याला कधीकधी चकित करणारे उत्तर मिळेल.

चित्र किती बारकाव्याचे असावे, हेही मापावरूनच ठरते. १,०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र चार मीटर भिंतीवर एकदाच पसरले तर एक पिक्सेल सुमारे चार मिलिमीटरचा होतो, दुरून चालेल, जवळून नाही. उगीच सगळीकडे मोठी चित्रे लावणेही महागात पडते. ४,०९६ पिक्सेलचे एक चौकोनी रंगीत चित्र संगणकाच्या स्मृतीत सुमारे ६४ एमबी जागा घेते आणि एका मटेरिअलला अशी तीन-चार चित्रे लागतात. साधा संगणक दहा-बारा मटेरिअलमध्येच गुडघे टेकतो.

स्वतःच्या छायाचित्रांतून पोत तयार करता येतो आणि स्थानिक दगड-लाकडासाठी तोच उत्तम मार्ग. जांभा आणि शहाबादी परदेशी संग्रहांत शोधून हाती फारसे लागत नाही. छायाचित्र ढगाळ दिवशी किंवा सावलीत, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर धरून घ्यावे. छायाचित्रातच ऊन-सावली आली, तर ती आपण ठेवलेल्या दिव्यांशी भांडते. एखादा ठळक डाग असेल तर तोही पुसून टाकावा, नाहीतर प्रत्येक मीटरवर तोच डाग पुन्हा दिसून बिंग फुटते. तयार चित्रे हवी असल्यास ‘पॉली हेवन’ आणि ‘अँबियंट सीजी’ या संकेतस्थळांवर कोणत्याही अटीविना वापरता येण्याजोगी चित्रे आहेत. शोधयंत्रावर सापडलेले कोणाचेही छायाचित्र उचलणे मात्र स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसत नाही.

अशा संग्रहात एका पोताबरोबर अनेक चित्रे येतात. त्यातले रंगाचे चित्र ‘एसआरजीबी’ या रंगव्यवस्थेत ठेवावे. रफनेस, मेटॅलिक आणि जांभळट निळे दिसणारे ‘नॉर्मल’ ही चित्रे म्हणजे चित्राच्या वेषातले आकडे असतात. त्यांची व्यवस्था ‘नॉन-कलर’ अशी बदलावी लागते. हे राहिले तर आकडेच बदलतात आणि दगड उगीचच पॉलिश केल्यासारखा दिसतो. नॉर्मलचे चित्र थेट न जोडता ‘नॉर्मल मॅप’ या घटकातून जोडावे. त्याने पृष्ठभाग खडबडीत भासतो, पण कडेची रेघ सरळच राहते. ती रेघही तुटकी हवी असेल, तर आकारच बदलावा लागतो.

भिंत किती पांढरी?

येथे पुन्हा ग्राहकाकडे वळले पाहिजे. निसर्गात पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे काहीच नसते. कोळसा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परतवितो आणि ताजे बर्फ ऐंशी ते नव्वद टक्के. पांढऱ्या भिंतीसाठी ०.८ हे मूल्य पुष्कळ झाले आणि ब्लेंडर नव्या मटेरिअलला तेच देते. हौसेने ते एकावर नेले तर काय होते? बंद खोलीत प्रकाश भिंतींवर आपटत फिरतो. ०.८ मूल्याच्या भिंतींवर पाच वेळा आपटल्यावर मूळ प्रकाशाच्या जेमतेम ३३ टक्के उरतो. एक मूल्य असलेल्या भिंतींवर मात्र तो शंभराचा शंभर टक्के राहतो. एकाच खिडकीची, समोर इमारत असलेली खोली चित्रात प्रसन्न उजेडाने भरून जाते आणि ताबा मिळाल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. हे मुद्दाम होते असे नाही. अनेकदा करणाऱ्याला आपण काय केले, हेच माहीत नसते.

रंगाच्या आकड्यांतही एक गोम आहे. पडद्याची ‘एसआरजीबी’ व्यवस्था डोळ्याच्या सोयीने आखलेली आहे, तर सॉफ्टवेअर हिशेब करते तो प्रकाशाच्या प्रमाणात. पडद्यावरचा ० ते २५५ मधला १२८ क्रमांकाचा करडा रंग प्रकाशाच्या हिशेबात ०.५ नसून सुमारे ०.२२ असतो. उलट ब्लेंडरच्या रकान्यात ०.५ लिहिले तर पडद्याच्या मापात तो १८८, म्हणजे बराच फिकट होतो. कंपनीने दिलेला सहा अक्षरी सांकेतांक ‘हेक्स’च्या रकान्यात टाकल्यास हे रूपांतर सॉफ्टवेअर स्वतः करते. त्या आकड्यांना २५५ ने भागून दुसऱ्या रकान्यात भरले की फसगत ठरलेली.

एवढे करूनही रंग जुळत नाही, अशी तक्रार २०२३ नंतर वाढलेली दिसते. ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून चित्र पडद्यावर आणताना ‘एजीएक्स’ नावाची प्रक्रिया मूळ निवड म्हणून लागते. त्याआधी २०१९ पासून ‘फिल्मिक’ होती. तीव्र उजेडात कॅमेऱ्याची फिल्म जशी रंग हळूहळू फिके करत नेते, तसे या दोन्ही प्रक्रिया करतात. दृश्य त्यामुळे नैसर्गिक दिसते, पण बोधचिन्हाचा भगवा किंवा भिंतीचा ठरलेला निळा बदलतो. रंग पडताळण्यापुरते ‘कलर मॅनेजमेंट’च्या पानावर ‘स्टँडर्ड’ निवडावे, तपासणी झाल्यावर पूर्ववत करावे.

रंगकंपन्यांच्या छटापुस्तिकेची जागा मात्र पडदा घेऊ शकत नाही. दोन छटा ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळाव्यात आणि उन्हात वेगळ्या दिसाव्यात, हा अनुभव साडीला ब्लाउजपीस जुळविणाऱ्या प्रत्येकीला आहे. प्रकाशातल्या सर्व लहरींवर ते अवलंबून असते. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर लाल, हिरवा आणि निळा या तीनच घटकांवर हिशेब करत असल्याने हा फरक त्यात पूर्णपणे उतरत नाही. छपाईत तर पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे रंग शाईला झेपतच नाहीत. त्यामुळे ग्राहकाची अंतिम संमती घ्यावयाची ती त्याच्याच भिंतीवर लावलेल्या दोन फुटांच्या नमुन्यावर, सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा.

फाइल दुसऱ्याला देताना

घरच्या संगणकावर उत्तम दिसणारी फाइल कार्यालयात उघडली आणि सगळे सामान भडक गुलाबी झाले, असे घडले तर घाबरू नये. चित्र सापडत नसल्याची ती खूण आहे. ब्लेंडर पोताची चित्रे सहसा फाइलमध्ये ठेवत नाही, त्यांचा पत्ता तेवढा ठेवते. ‘फाइल’, ‘एक्स्टर्नल डेटा’, ‘पॅक रिसोर्सेस’ या मार्गाने ती फाइलमध्येच बांधून घेता येतात. फाइल जड होते, पण पोहोचते ती पूर्ण. भिंतीवर दोन मटेरिअल एकमेकांत लुकलुकताना दिसत असतील, तर त्याच जागी दोन पृष्ठभाग एकावर एक बसलेले आहेत असे समजावे आणि एक काढून टाकावा.

मटेरिअलची नावे ठेवताना ‘फरशी चांगली’ असे न लिहिता वस्तूचा प्रकार, माप आणि छटेचा क्रमांक लिहावा, जसे ‘शहाबादी पॉलिश ६०० मिमी’. सदनिकेच्या करारातील साहित्याच्या यादीशी चित्र ताडून पाहण्याची वेळ आली, तर फाइलमधली हीच यादी समोर ठेवता येते.